कमलच्या खोलीचं पोकळ दार

॥ श्री ॥

पवनार
३ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप पुंडलिकभाऊ यांस,
धाकट्या कमलचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

भाऊबीजेला तू येऊन गेलास, तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणत होते. तू फोन करतोस, पण हा फोन मेला नुसता खरखर करतो, काही सुधरत नाही. म्हणून आंतरदेशीय आणलं. पोस्टातली पोरगी माझ्याकडे पाहून अशी हसली की जशी मी चुलीसाठी गोवऱ्या मागितल्या.

काम असं आहे. कैलासनं घर बांधलं तेव्हा आतली तिन्ही दारं तुझ्याच दुकानातून आणली. सपाट, गुळगुळीत, बिस्किटाच्या रंगाची. सुनेला, रीताला, ती कधीच आवडली नाहीत. ती म्हणायची, दवाखान्यातली दारं आहेत, उघडलं की नर्सबाई निघेल असं वाटते. तेव्हा आम्ही दोघी खूप हसलो होतो. आता तिला पुन्हा हसवायचं तर ती दारंच चांगली करावी असं माझ्या मनात आहे.

खरं सांगते भाऊ, सून माझ्याशी बोलत नाही. उन्हाळ्यापासून असं आहे. आधी आम्ही दोघी वर्ध्याच्या बाजारात एकाच पोत्यावर बसून भाजी विकायचो, आणि घरी येईपर्यंत तिचं तोंड बंद नसे. आता मान खाली घालून जाते येते. ती नि कैलास हळू हळू बोलत असतात, मी गेली की थांबतात. हल्ली मागून कोणी आलं की मी दचकते, म्हणून दुपारी कडी लावून पडते. पण दार वाजवावं, आई चहा झाला म्हणावं, तेवढंही नाही. उठून पाहते तर चहा ओट्यावर झाकलेला. थंडगार.

दिवाळी झाली आणि ती माहेरी आंजीला गेली. चार दिवस म्हणून गेली ती अजून तिकडेच आहे, आणि कैलास आणायला जायचं नाव काढत नाही. मले भीती वाटते भाऊ. ती यायची नाही, नाहीतर येईल ती वेगळी चूल मांडायलाच.

ती यायच्या आधी दारं झाली पाहिजेत. नवी घ्यायची ऐपत नाही. सुतार बोलावला तर कैलास म्हणेल, काऊन खर्च करून राह्यली. तेव्हा मीच करीन. टमाटराचा मांडव मी बांधते, तर दाराचं काय एवढं? कसं करायचं ते उलगडून लिही.

आहे तशी माया राहू दे, आणि उत्तर उद्यावर टाकू नको.

तुझी
कमल

*

देवळी
७ नोव्हेंबर २०२५

चि. कमल हिस,
पुंडलिकभाऊचे अ. उ. आ.

तुझं पत्र अश्विननं भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर हात वर करून आणलं आणि जाहीर केलं की बाबांना या वयात चिठ्ठ्या येऊन राह्यल्या. मी म्हटलं, येतात. तुले येते का कोणाची? पत्र ठेवलं आणि खिळे मोजायला गेला.

आता दारं. दुकानदार म्हणून मी तुला सांगायला पाहिजे की नवीन घे. भाऊ म्हणून सांगतो, एकही बदलू नको. सपाट दार म्हणजे कोरी भाकर आहे, वर काय ठेवतेस त्याच्यावर सगळं. पहिले काचपेपरनं घासून त्याची चमक घालव, नाहीतर नवा रंग पापडासारखा सुटतो. मग दारावर दोन चौकटी बसव, वर मोठी, खाली आखूड. त्याला लागणाऱ्या बीडिंगच्या, म्हणजे नक्षीच्या बारीक लाकडी पट्ट्या मी अश्विनकडून कोपरे तिरपे कापूनच पाठवतो, तुला फक्त जोडायच्या आहेत. सांध्यांत पुट्टी भर, वाळली की घास, आणि ऑइल पेंटचे दोन हात दे. पांढरा देऊ नको, सुनेला पुन्हा दवाखाना दिसेल. जुन्या पितळी मुठी माझ्याकडे पडून आहेत, त्या चिंचेनं घासून लाव. बघणाऱ्याला वाटेल सागवानी दार आणलं.

पण पट्टी लावायच्या आधी एक काम कर. बोटाच्या पेरानं दार वाजव. आधी कडेला, मग मधोमध. दोन्हीकडे सारखाच जड, टक्क आवाज आला तर दार भरीव आहे, खिळा मारला तरी चालते. मधोमध ढप्प वाजलं तर पोकळ. त्याला आत काही नसते, नुसती वरून पातळ प्लाय. तिथे खिळा नाही, फक्त फेविकॉल, आणि वाळेपर्यंत वरून चिकटपट्टी. तुमच्याकडे दोन्ही प्रकार गेले असतील, कोणतं कुठे बसलं ते आता आठवत नाही. वाजवून कळव.

हे वाजवणं मी सायकलवर खिळे-बिजागऱ्या विकत फिरायचो तेव्हा शिकलो. तेव्हा मला लाकूड कळत नव्हतं, कान मात्र चांगले होते. अजूनही कोणाच्या लग्नाला गेलो की सोयऱ्यांचं दार वाजवून पाहतो. तुझी वहिनी होती तोवर माझा हात धरून ठेवायची.

आणि सून बोलत नाही म्हणतेस, तर तिला विचारलंस का एकदा समोर बसून? दोन बायका एका घरात गप्प, हे मला काही खपत नाही.

जीव आहे तोवर तुझ्यावर जीव आहे, हे वेगळं लिहायला नको.

तुझा
पुंडलिकभाऊ

*

पवनार
११ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप भाऊस,
कमलचा शि. सा. न. वि. वि.

पट्ट्या आणि मुठी पोचल्या. अश्विन उभ्या उभ्या देऊन गेला, पाणीही प्यायला नाही.

दारं वाजवून पाहिली. तिन्ही सारखी आहेत. कडेला टक्क, मधेही टक्क. भरीवच आहेत, तेव्हा खिळ्यांनीच करते. खिळे पाठवू नको, मांडवाचे घरात आहेत.

स्वयंपाकघराचं दार तर झालंही. हिरवट निळा रंग दिला, मोरपिसाच्या दांड्याजवळ असतो तसा. कैलास वावरातून आला, दारासमोर उभा राहिला, मग माझ्याकडे पाहून म्हणे, आई, हे आपलंच घर ना? मी म्हटलं, रंग उरला होता. आता रीताच्या खोलीचं घेते, मग माझ्या खोलीचं.

तू म्हणतोस समोर बसून विचार. भीती वाटते ते वेगळंच आहे, तुला म्हणून लिहिते. मागे कैलास म्हणाला होता, आई, तू आता घरी आराम कर, बाजारात रीता बसेल. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. भाऊ, कैलासचे बाबा, प्रभाकरराव, होते तेव्हापासून मी त्या पोत्यावर बसते. ते गेले त्या महिन्यात मी उठून पुन्हा बाजारात जाऊन बसले, म्हणून उभी राहिली. अर्धं वर्धा मले तोंडावर ओळखते. ते पोतं सुटलं तर घरात मी कोण? दोघांनी मिळून हेच ठरवलं आहे आणि म्हणून कुजबुज चालते, असं मले वाटते. विचारलं तर सांगतील. आणि सांगितलं तर झालंच.

दारं छान झाली तर कदाचित तिचं मन वळेल. एवढ्याच आशेवर हात चालवते.

तुझ्या आशीर्वादाची सावली असू दे.

तुझी
कमल

*

आंजी (मोठी)
१२ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप मामाजी यांच्या चरणी,
रीताचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

फोनच करणार होते, पण फोनवर मला रडू येते आणि तुमच्या दुकानात माणसं असतात. पवनारच्या घरात तर फोनवर बोलायची सोयच नाही. आईंना ऐकू जाईल म्हणून मी आणि हे घरातल्या घरात कुजबुजतो. मी पत्र लिहिलं हे त्यांना कळू देऊ नका, ही पहिली विनंती.

मामाजी, आईंनी मला टाकलं आहे. भांडण नाही, शिवी नाही, नुसतं टाकलं आहे. उन्हाळ्यात बाजारात एका बाईनं कोबी मागितला आणि आईंनी तिला भेंडी तोलून दिली. ती बाई बोलायला लागली तेव्हा मी मधे पडले, म्हटलं आई थकल्या आहेत, जाऊ द्या. तेच लागलं असेल का? तेव्हापासून मी मागून हाक मारली तर मान वळवत नाहीत. समोर उभं राहून काही विचारलं तर नीट उत्तर देतात. पण पाठ फिरली की त्यांच्यासाठी मी नाहीच.

दुपारी त्या कडी लावून घेतात. मी चहा घेऊन जाते आणि दार वाजवते. त्यांच्या खोलीचं दार असं वाजते की जसा कोणी ढोल बडवते, अंगणातलं कुत्रं उठून पाहते, पण आई उठत नाहीत. फटीतून त्यांच्या पावलांची सावली हलताना दिसते, म्हणजे जाग्या असतात. आई, आई म्हणते. मग चहा परत नेऊन ओट्यावर झाकून ठेवते. हे रोजचं झालं.

मी स्वयंपाक त्यांच्या हाताखाली शिकले. वांग्यात मीठ किती घालायचं हे अजून त्यांच्या डोळ्यांकडे पाहून ठरवते. म्हणून जास्त लागते. हे म्हणतात, वर्ध्यात दोन खोल्या पाहू, रोज रोज रडण्यापेक्षा बरं. मी अजून हो म्हटलेलं नाही. पण बंद दारासमोर किती दिवस उभी राहू?

माझं काय चुकलं तेवढं तुमच्या पद्धतीनं काढून घ्या आणि मला कळवा. मी पाय धरीन. नाहीच कळलं, तर या महिन्याच्या शेवटी आम्ही खोल्या घेऊ.

लेकीसारखं समजून वाचावं, आणि रागावू नये.

आपली
रीता

*

देवळी
१५ नोव्हेंबर २०२५

चि. कमल हिस,
अ. उ. आ.

हे पत्र मिळताच हातातली हातोडी खाली ठेव. तुझ्या खोलीच्या दाराला खिळा मारू नको. ते पोकळ आहे.

मला आता आठवलं. घर झालं त्या वर्षी तू गोठ्यात पडून मनगट मोडून घेतलं होतंस. मी मुद्दाम तुझ्यासाठी हलकं दार काढून दिलं, उघडझाक करताना हात दुखू नये म्हणून. बाकीची दोन भरीव आहेत, ते एकच पोकळ. मधोमध वाजवलं तर शेजारी कळेल असं वाजणारं दार आहे ते. आणि तू लिहितेस, टक्क.

कमल, तू वाजवलं नसशील असं मी म्हणणार नाही. सांगितलेलं काम तू करतेसच. तू वाजवलंस आणि मग माझ्याच पत्रातला शब्द मला लिहून पाठवलास.

मग मी दुकानात बसून मागचं सगळं आठवलं. फोनवर मी विचारतो जेवलीस का, तू सांगतेस यंदा तुरीला फुलं चांगली आहेत. फोन खरखर करतो म्हणतेस, पण त्याच फोनवर अश्विनशी कैलास तासभर बोलतो. भाऊबीजेला मी तुझ्या डाव्या हाताला बसलो तर तू माझं ताट उचलून उजवीकडे मांडलंस. मी म्हटलं, लाडानं करून राह्यली. मला म्हणे कान चांगले! बहिणीच्या बाबतीत कुठे गेले होते कोणास ठाऊक.

कधीपासून आहे हे? सांगावंसं वाटलं तर सांग. नाही वाटलं तरी तू माझी कमलच आहेस. मी कोणाला एक शब्द बोलणार नाही. तुझी गोष्ट आहे, तूच सांगायची किंवा ठेवायची.

फक्त खिळा मारू नको.

रागावलीस तरी दोन ओळी पाठव.

तुझा
पुंडलिकभाऊ

*

पवनार
१९ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप भाऊस,
कमलचा नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा खिळा मारून झाला होता.

वरच्या चौकटीची आडवी पट्टी बसवत होते. दोन खिळे नीट गेले. तिसऱ्याला जोर जरा जास्त दिला, आणि हातोडी पट्टीवरून घसरून अर्धी आत गेली. माझ्या डोळ्यांसमोर, बरोबर माझ्या उंचीवर, हात जाईल एवढं भोक. पलीकडची प्लायही फुटली. मी तिथेच खाली बसले. त्या भोकातून ओसरीतला उजेड आत येत होता, तो पाहत राहिली.

वर तुझं पत्र. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मले राग आला. वाटलं, हा कोण मोठा दारावरून माणसं ओळखणारा. फाडणार होते. मग पुन्हा वाचलं.

होय, भाऊ. मागच्या हिवाळ्यात ताप आला होता, त्यानंतरचं आहे. डाव्या कानात काहीच नाही, उजव्यात लांबून कोणी पोतं ओढावं तसं काही तरी. समोरच्याच्या तोंडाकडे पाहिलं की समजते. बाजारात तर बोटं असतात, भाजीवर हात ठेवतात, मी चालवून नेते. पण उन्हाळ्यात एकदा चुकलं आणि त्या बाईनं चारचौघांत मले काहीबाही सुनावलं. काय ते ऐकू आलं नाही, पण लोक हसताना दिसले. त्याच्या दुसऱ्या दिवशीच कैलासनं आराम करायची गोष्ट काढली.

आपली आई आठवते ना? तिला ऐकू येईनासं झालं तसं आपण तिला सांगणं सोडलं. वाईट म्हणून नाही रे, ओरडायचा कंटाळा म्हणून. कोणाचं लग्न ठरलं, कोण आजारी आहे, सगळं तिला शेवटी कळायचं. ती पाहुण्यांत बसून सगळ्यांच्या हसण्यावर हसायची. मले तसं हसायचं नाही.

म्हणून तू वचन दिलं ते पाळ. आणि हे भोक कसं बुजवायचं तेवढं सांग, रीता आज ना उद्या येईल. दारं पाहून तिला बरं वाटावं म्हणून केलं, आणि हे करून बसले.

रागावले होते, आता नाही.

तुझी
कमल

*

देवळी
२२ नोव्हेंबर २०२५

चि. कमल हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुकान अश्विनवर टाकून मागच्या गोदामात जाऊन बसलो. आईची गोष्ट खरी आहे. तिच्या हसण्याची मला आजवर आठवण नव्हती, आता आहे.

वचन पाळतो आहे. आता भोकाचं. ते बुजवू नको. पोकळ दाराला थिगळ लावलं तर चार हात रंग दिला तरी डोळ्यात येते. त्यापेक्षा तिथे चौकोन नीट कापून, आतून लाकडी पट्टीचा आधार देऊन काच बसवू. शहरात लोक मुद्दाम करून घेतात. माप पाठव. काच कापून यायला वेळ लागेल, तोवर भोक तसंच उघडं राहू दे. पडदा लावू नको, कागद चिकटवू नको. तुला वाटेल, भाऊ काही युक्ती करून राह्यला. करूनच राह्यलो आहे.

आणि एक गोष्ट, तुझ्यावर रागावून नाही, हळूच विचारतो. तू लिहिलंस, दार कोणी वाजवत नाही, चहा झाला म्हणून कोणी हाक मारत नाही. कमल, हाक मारली नाही हे तुला कळलं कसं?

याचं उत्तर मला पाठवायची गरज नाही.

आहे तशीच राहा, माझी राहा.

तुझा
पुंडलिकभाऊ

*

देवळी
२२ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. रीता हिस,
मामाजींचे अ. आ.

उत्तराला उशीर झाला, मुद्दाम केला. तुझी काही चूक नाही. हे मी चौकशी करून लिहितो आहे, तुझं मन राखायला नाही. याच्यापुढचं मला सांगता येत नाही, कारण ते माझं नाही.

खोल्या पाहायच्या तर पाहा, पैसे देऊ नको. आधी एक दिवस पवनारला जा. तुझ्या सासूनं तुझ्यासाठी, एकटीनं, हातात हातोडी धरून काय करून ठेवलं आहे ते पाहा. मग दुपारी नेहमीसारखा चहा कर आणि तिच्या दारासमोर जाऊन हाक मार. शेवटची समजून मार. दाराला भोक दिसेल, त्याला हसू नको, आणि त्याच्यासमोरून हलू नको.

म्हाताऱ्याचं एवढं ऐकलंस तर उपकार वाटतील.

तुझा
मामाजी

*

पवनार
२८ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप भाऊस,
कमलचा शि. सा. न. वि. वि.

रीता बुधवारी आली. बॅग घेऊन आली नाही, नुसती पिशवी. दारं पाहिली. स्वयंपाकघराच्या दारावरून हात फिरवला, तिच्या खोलीच्या दारावरून फिरवला, पितळी मूठ वर खाली करून पाहिली. ओठ हलले नाहीत. मी मनात म्हटलं, सगळं गेलं पाण्यात.

दुपारी कडी लावून पडले होते. तुझं ते विचारणं डोक्यात फिरत होतं, म्हणून पाठ भिंतीकडे केली नाही, दाराकडे तोंड करून पडले. भोकातून उजेड येतो, तो एकदम कमी झाला. मी उठून जवळ गेले.

पलीकडे रीता. एका हातात कप. दुसरा हात वर गेला आणि दार वाजवू लागली. मले आवाज नाही, पण मी दाराला तळवा लावला तर दार हाताखाली थरथरत होतं. ती थांबली. तिचे ओठ आई म्हणाले. थांबून पुन्हा म्हणाले. मग तिनं कपाळ दाराला टेकवलं. मधे बोटभर दार, भाऊ, आणि ती रडत होती. एवढे महिने रोज हेच होत होतं, आणि मी आत पडून म्हणत होते की माझ्याकडे कोणी येत नाही.

मी कडी काढली. दार उघडलं तशी ती जवळजवळ माझ्या अंगावरच आली. मी म्हटलं, रीता, मले ऐकू येत नाई. तिला समजलं नाही. पुन्हा म्हटलं. मग तिनं कप तिथेच जमिनीवर ठेवला आणि माझ्यावर अशी चिडली की काही विचारू नको. रडताना तिचे ओठ वाकडे होतात, त्यामुळे अर्धं समजलंच नाही. जे समजलं ते एवढं, की काऊन नाई सांगितलं, काऊन नाई सांगितलं. चहा पुन्हा केला. गरम प्यायलो.

रात्री कैलासला सांगितलं. तो उठून माझ्यासमोर येऊन, तोंड नीट दाखवून म्हणाला, आई, मग आता तर तू घरीच बस. प्रेमानंच म्हणाला. पण भाऊ, मी ज्याले भीत होते तेच झालं. वर्ध्यात खोल्या पाहत होते म्हणे, त्यांचं मात्र आता कोणी बोलत नाही, रीतानं कालच जाऊन बॅग आणली.

खाली तिला दोन ओळी लिहायच्या आहेत, म्हणून आवरते. हा धागा असाच राहो.

तुझी
कमल

ता. क. मामाजी, तुम्हाला सगळं माहीत होतं आणि तुम्ही मला भोकासमोर उभं केलं. एकदम आतून डोळा दिसला, माझ्या हातून कप सुटणार होता. तुमच्याशी मी महिनाभर बोलणार नाही. काच साधी पाठवा, धुरकट नको. आणि दारं फार सुंदर झाली आहेत, हे आईंना तेव्हा सांगायचं राहिलं, कारण बोलले असते तर रडले असते. – रीता

*

देवळी
२ डिसेंबर २०२५

चि. कमल व चि. सौ. रीता यांस,
अ. उ. आ.

काच आणि आतल्या आधाराच्या पट्ट्या अश्विनबरोबर पाठवल्या आहेत. तो बसवून देईल, त्याला या खेपेला जेवल्याशिवाय सोडू नका. रीतानं बोलायचं नाही म्हटलं आहे, तेव्हा तिला सांगायचं ते मी कमललाच सांगतो: सेवाग्रामच्या दवाखान्यात कान तपासायला तिनं तुला घेऊन जावं. कानात घालायचं यंत्र मिळेल न मिळेल, पण काय आहे ते तरी कळेल.

आता पोत्याचं. मी कैलासला फोन करून सांगू शकतो, मामा आहे, तो ऐकेल. पण मामानं बसवलेल्या जागेवर तू किती दिवस बसशील? मी दुकान टाकलं तेव्हा मालाच्या खोक्यांवर सगळं इंग्रजीत असायचं, आणि मला ते वाचता येत नव्हतं. पहिले काही दिवस मी चष्मा विसरलो म्हणून वेळ मारून न्यायचो. घामानं सदरा भिजायचा. मग एक दिवस गिऱ्हाइकाच्या हातात खोकं दिलं आणि म्हटलं, मले इंग्रजी येत नाई, तुम्हीच वाचा बरं काय लिहिलं ते. त्यानं वाचलं. माल घेऊन गेला. पुढच्या वेळी त्यानं आपणहून वाचून दाखवलं. असे कितीतरी जण मला माल शिकवून गेले.

बाकी तू बाजारात माझ्यापेक्षा जुनी आहेस.

ममता कमी होऊ देऊ नका, दोघींनीही.

तुमचा
पुंडलिकभाऊ

*

पवनार
९ डिसेंबर २०२५

तीर्थरूप भाऊस,
कमलचा शि. सा. न. वि. वि.

काच बसली. अश्विन जेवला, दोनदा वाढून घेतलं. सेवाग्रामची तारीख मिळाली आहे, रीता येणार आहे संगं.

बाजाराच्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखं लुगडं बदललं आणि गाडीत पोत्याजवळ जाऊन बसले. कैलास तोंड उघडणार तेवढ्यात रीता त्याच्यासमोर उभी राहिली. ती माझ्याकडे पाठ करून बोलली, म्हणून मी पाहू शकली नाही. नंतर विचारलं तर सांगते, मी म्हटलं आई बसणार नसतील तर मीही बसत नाही, तुम्हीच विका वांगी आणि तुम्हीच ऐका बायकांचं. कैलासनं गाडी चालू केली.

सकाळचा पहिला बाजार. रीता मागे क्रेट उतरवत होती. एक बाई आली, नवीन, मी कधी पाहिली नव्हती. पालकाकडे पाहत खाली मान घालून काहीतरी विचारू लागली. आधी मी असं झालं की रीताकडे पाहायची, नाहीतर अंदाजानं भाव सांगून टाकायची. आजूबाजूच्या पोत्यांवरच्या सगळ्या मले ओळखतात. मी म्हटलं, बाई, माह्याकडे पाहून बोला, मले ऐकू येत नाई.

मोठ्यानं निघालं असावं, कारण शेजारच्या दोघींनी वळून पाहिलं. बाईनं मान वर केली. माझ्या तोंडाकडे पाहिलं. मले वाटलं आता उठते आणि पुढच्या पोत्यावर जाते. ती उठली नाही. पदर खोचून माझ्यासमोर नीट उकिडवी बसली, जुडी हातात घेतली, बोटं दाखवली, मी मान हलवली. तिनं पुन्हा बोटं दाखवली, मी माझी दाखवली. पालकात एक पिवळं पान होतं, ते काढून माझ्या नाकासमोर धरलं. मी ते घेऊन मागे टाकलं आणि तिला चांगली जुडी दिली. चांगली भांडली ती, मीही भांडले. रीता मागे क्रेट धरून नुसती उभी होती, मधे पडली नाही.

सौदा झाला. मले वाटलं होतं, आता ही दया करून दोन पैसे जास्त ठेवील. काही नाही. पिशवी भरली, उठली, आणि जाता जाता सांबार-कोथिंबिरीची एक जुडी वरून उचलून घेऊन गेली, फुकट, मले न विचारता.

मी काही म्हटलं नाही, भाऊ. लय बरं वाटलं.

पत्रं मात्र बंद करू नको.

तुझी
कमल